नवकांकरीच्या संगणकीय खेळाला प्लगइन कसे जोडावे

नवकांकरीचा पट साधा असतो. एकात एक असे तीन चौकोन, त्यांच्या बाजूंचे मध्य जोडणाऱ्या चार रेघा, एकूण 24 जागा आणि दोन्ही खेळाडूंकडे प्रत्येकी 9 कांकऱ्या. आपले तीन खडे, म्हणजे कांकऱ्या, एका रेघेवर ओळीने बसले की समोरच्याची एक कांकरी उचलता येते. महाराष्ट्रातील किल्ल्यांच्या आणि देवळांच्या दगडी फरशांवर असे पट कोरलेले अनेक ठिकाणी दिसतात. पट सगळीकडे जवळजवळ सारखाच असला तरी नियम मात्र घरागणिक बदलतात. कोल्हापुरात राजारामपुरीत मी दर शनिवारी मुलांना प्रोग्रामिंग शिकवतो. तेथे हा खेळ संगणकावर करायला घेतला, तेव्हा पहिल्याच तासाला प्रश्न उभा राहिला की, एखाद्या खेळाडूच्या तीनच कांकऱ्या उरल्या तर त्याला पटावर कुठेही उडी मारता येते की शेजारच्या जागीच सरकावे लागते. एका मुलीच्या गारगोटीच्या आजोळी उडी चालत होती, दुसऱ्या मुलाच्या घरी ती चालत नव्हती, आणि दोघेही आपापल्या आजीचा शब्द प्रमाण मानत होते.

कोणाचा नियम खरा हे ठरवणे प्रोग्रामचे काम नाही. दोन्ही घरांना आपला खेळ खेळता यावा यासाठी वादाचे नियम मूळ प्रोग्रामच्या बाहेर, स्वतंत्र फायलींत ठेवता आले पाहिजेत. फाइल फोल्डरमध्ये टाकली की नियम लागू व्हावा, काढून घेतली की तो जावा, आणि मूळ प्रोग्रामच्या एकाही ओळीला हात लावावा लागू नये. अशा बाहेरून जोडल्या जाणाऱ्या तुकड्याला प्लगइन म्हणतात आणि तो शोधून, तपासून जोडणाऱ्या भागाला लोडर म्हणतात. या लेखात या दोन्ही गोष्टी पायथॉन भाषेत कशा बांधाव्यात हे क्रमाने दिले आहे. पायथॉनमध्ये फंक्शन आणि क्लास लिहिता येणाऱ्या वाचकाला एवढी पूर्वतयारी पुरेशी आहे.

लेखनाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. पायथॉनचे राखीव शब्द आणि तयार फंक्शने येथे उच्चारानुसार लिहिली आहेत. ती टंकताना नेहमीच्या रोमन लिपीतच टंकावीत. आपल्या स्वतःच्या फंक्शनांची आणि चलांची नावे मात्र देवनागरीत ठेवता येतात, कारण पायथॉन 3 ती मान्य करते, आणि आमच्या वर्गात आम्ही ती तशीच ठेवतो. या मोकळीकीत एक अडचण आहे. ‘कांकऱ्या’ या शब्दातील अर्धा र काही कीबोर्ड ‘ऱ’ हे अक्षर आणि हलन्त वापरून लिहितात, तर काही कीबोर्ड साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही शब्द एकसारखे दिसतात. चलाच्या नावात ते अदृश्य चिन्ह आले तर पायथॉन निदान चूक तरी दाखवते, पण तेच चिन्ह डेटा फाइलमध्ये आले तर ते निमूटपणे निराळा शब्द ठरते आणि शोधूनही चूक सापडत नाही. म्हणून नावांमध्ये असा अर्धा र टाळून ‘सोंगटी’ किंवा ‘खडे’ असे शब्द घेणे श्रेयस्कर आहे.

आधी करार, मग कोड

शिवाजी उद्यमनगरात एखादा कारागीर लेथवर बोल्ट कातत असतो आणि त्या बोल्टवर बसणारा नट दुसऱ्याच वर्कशॉपमध्ये तयार होत असतो. दोघांनी एकमेकांना पाहिलेलेही नसते. तरीही नट बोल्टवर अलगद फिरत जातो, कारण एम-10 बोल्टचा व्यास 10 मिलिमीटर आणि त्याच्या प्रमाण आट्यांतील अंतर 1.5 मिलिमीटर, हे दोघांनाही आधीपासून माहीत असते. बोल्ट कोणत्या मशीनवर बसणार याच्याशी नटवाल्याला कर्तव्य नसते. प्लगइनची सारी रचना याच तत्त्वावर उभी असते. खेळाच्या गाभ्याला, म्हणजे मूळ प्रोग्रामला, एकाही प्लगइनचे नाव माहीत असता कामा नये. त्याला फक्त आटे माहीत असावेत. ज्या दिवशी गाभ्यात ‘उडतीचे प्लगइन जोडलेले असेल तर असे कर’ अशी ओळ लिहिली जाते, त्या दिवशी प्लगइनची पद्धत मोडली असे समजावे.

या आट्यांनाच मी करार म्हणतो. कोड लिहिण्याआधी तो एका कागदावर साध्या मराठीत लिहून काढावा, असा माझा आग्रह असतो. जे कागदावर सांगता येत नाही ते कोडमध्ये हमखास विस्कळीत उतरते.

करार लिहिण्यापूर्वी गाभ्याकडे काय राहणार हे निश्चित करावे लागते. नवकांकरीत गाभ्याकडे पट, पाळी आणि चालींची नोंद एवढेच ठेवावे. पटाच्या जागांना 0 ते 23 असे क्रमांक द्यावेत: बाहेरच्या चौकोनाला डाव्या वरच्या कोपऱ्यापासून घड्याळाच्या दिशेने 0 ते 7, मधल्याला 8 ते 15 आणि आतल्याला 16 ते 23. असे केले की कोपरे सम क्रमांकांवर आणि बाजूंचे मध्य विषम क्रमांकांवर येतात. मग शेजार हाताने लिहून काढावा लागत नाही. प्रत्येक जागा आपल्या चौकोनातील मागच्या-पुढच्या जागेला जोडलेली असते आणि विषम क्रमांकाची जागा त्याखेरीज 8 ने कमी किंवा जास्त क्रमांकाच्या जागेलाही जोडलेली असते. हा शेजार प्रोग्रामने तयार केल्यावर जोडण्या मोजाव्यात. चौकोनांतील 24 आणि आडव्या-उभ्या रेघांतील 8 मिळून त्या 32 भरल्या पाहिजेत. तीन कांकऱ्यांच्या ओळी 16 भरल्या पाहिजेत. हे आकडे जुळत नसतील तर पुढे जाऊ नये.

खेळाची स्थिती प्लगइनच्या हाती देताना ती बदलता येणार नाही अशा रूपात द्यावी. पट लिस्ट म्हणून दिला तर एखादे प्लगइन चुकून त्यातच खाडाखोड करते आणि कांकरी कोठे नाहीशी झाली याचा शोध घेण्यात अख्खी संध्याकाळ जाते. म्हणून पट 24 अंकांचा टपल असावा, ज्यात रिकाम्या जागेला 0 आणि खेळाडूंना 1 व 2 असे अंक असतील. पाळी, प्रत्येकाच्या हातात उरलेल्या कांकऱ्या आणि झालेल्या चाली यांच्यासह तो एका गोठवलेल्या डेटाक्लासमध्ये बांधावा. प्लगइनने स्थिती वाचावी आणि आपले म्हणणे फंक्शनच्या उत्तरातून कळवावे. पटावर प्रत्यक्ष हात फक्त गाभ्याने लावावा.

आता खुद्द करार. आमच्या खेळात प्रत्येक प्लगइनने ‘नोंदणी’ नावाचे एकच फंक्शन देणे बंधनकारक आहे. लोडर ते हाक मारून बोलावतो आणि त्याला ‘खेळ’ ही वस्तू देतो; त्या वस्तूच्या ‘जोड’ या फंक्शनद्वारे प्लगइन आपल्याला कोणत्या प्रसंगी बोलवावे हे कळवते. असे प्रसंग दोन प्रकारचे असतात आणि त्यांतील फरक नीट समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. पहिला प्रकार वर्दीचा. ‘चाल_झाली’, ‘खडा_उचलला’, ‘खेळ_संपला’ हे प्रसंग घडून गेल्यावर गाभा सर्वांना कळवतो आणि कोणाच्याही उत्तराची वाट पाहत नाही. आवाज वाजवणारे किंवा डावाची नोंद ठेवणारे प्लगइन येथे बसते. दुसरा प्रकार गाळणीचा. ‘शक्य_चाली’ हा प्रसंग आला की गाभा चालींची यादी तयार करून पहिल्या प्लगइनकडे देतो, ते तिच्यात भर घालून किंवा काटछाट करून परत देते, ती बदललेली यादी दुसऱ्याकडे जाते, आणि शेवटी जी यादी हाती येते तीच खरी मानली जाते. ‘उचलता_येणारे_खडे’ हाही असाच प्रसंग आहे. ओळीत बसलेली कांकरी उचलायची की नाही, हा घरोघरचा दुसरा मोठा वाद त्याच्यावर सुटतो.

वर्दीमध्ये प्लगइन्सचा क्रम कोणताही असला तरी चालतो. गाळणीमध्ये क्रमच सर्व काही ठरवतो. त्याचे उदाहरण पुढे येईल.

फोल्डर आणि नोंदीची फाइल

खेळाच्या मुख्य फोल्डरमध्ये ‘प्लगइन’ नावाचा फोल्डर करावा आणि त्यात प्रत्येक प्लगइनसाठी स्वतंत्र उपफोल्डर ठेवावा. उपफोल्डरमध्ये निदान दोन फायली असतील: कोडची फाइल आणि ‘नोंद’ नावाची जेसन फाइल, म्हणजे नाव आणि मूल्य अशा जोड्यांत माहिती ठेवणारी साधी मजकूर फाइल. या नोंदीत प्लगइनची ओळख लिहिलेली असते.

{
  "नाव": "उडती_कांकरी",
  "आवृत्ती": "1.0.0",
  "करार": 2,
  "हवे": [],
  "फाइल": "मुख्य"
}

ही माहिती कोडमध्येच न लिहिता वेगळी का ठेवावी, असा प्रश्न मुले नेहमी विचारतात. पायथॉनची फाइल आयात करणे म्हणजे ती चालवणे होय. प्लगइन आपल्या खेळाला जुळते की नाही हे पाहण्यासाठी ते आधी चालवावे लागत असेल, तर तपासणीला अर्थच उरत नाही. नोंद मात्र नुसती वाचता येते. उद्यमनगरात जॉब मशीनवर चढवण्याआधी गेज, म्हणजे माप तपासण्याचे साधन, लावून पाहतात. नोंदीची फाइल हे आपले गेज आहे.

येथे मला स्वतःला भोवलेली एक चूक सांगतो. घरी लिनक्सवर सर्व प्लगइन व्यवस्थित चालत होते. प्रात्यक्षिकाच्या दिवशी एका कॉलेजच्या विंडोज संगणकांवर एकही प्लगइन जोडले जाईना. मी नोंदीची फाइल उघडताना तिचे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत, सांगितलेच नव्हते. तसे सांगितले नाही तर विंडोजवर पायथॉन सामान्यतः यूटीएफ-8 ऐवजी संगणकाचे जुने कोडपेज धरते, आणि इंग्रजी मांडणीच्या संगणकांवर ते सहसा 1252 असते. त्या कोडपेजमध्ये काही बाइटना अर्थच दिलेला नाही. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचा हलन्त तीन बाइटांत साठवला जातो आणि त्यांतील शेवटचा बाइट नेमका असा निरर्थक निघतो. ऱ्हस्व उकाराचेही तेच आहे. त्यामुळे ‘आवृत्ती’ या शब्दातील जोडाक्षरापाशी वाचन थांबते. याउलट ‘नाव’ किंवा ‘करार’ अशा जोडाक्षर नसलेल्या शब्दांवर चूक दाखवली जात नाही, ते नुसते अगम्य चिन्हांत बदलतात. म्हणून आपली चूक कधी वाचतानाच दिसते तर कधी फार पुढे ‘नाव सापडले नाही’ अशा भलत्याच रूपात दिसते. यावर उपाय एका शब्दाचा आहे. फाइल उघडताना एन्कोडिंग म्हणून ‘यूटीएफ-8-सिग’ द्यावे. ते साध्या यूटीएफ-8 फायली वाचतेच, शिवाय काही विंडोज एडिटर फाइलच्या आरंभी जे अदृश्य चिन्ह घालतात तेही गाळून टाकते.

लोडर बांधणे

लोडरने सर्वांत आधी फोल्डरचा पत्ता काढावा, आणि तो खेळाच्या स्वतःच्या फाइलपासून मोजावा. पाथलिबमधील पाथ वापरून मुख्य फाइलचा पूर्ण पत्ता घ्यावा व त्याच्या पालक फोल्डरला ‘प्लगइन’ जोडावे. नुसते ‘प्लगइन’ असे लिहिले तर खेळ ज्या फोल्डरमधून सुरू केला त्यातच शोध घेतला जातो, आणि डेस्कटॉपवरील शॉर्टकटवरून खेळ उघडणाऱ्याला एकही प्लगइन दिसत नाही.

उपफोल्डरांची यादी मिळाली की तिची नावानुसार क्रमवारी लावावी. फोल्डर वाचताना मिळणारा क्रम संगणकागणिक वेगळा असू शकतो, त्यामुळे एका ठिकाणी घडणारी चूक दुसरीकडे घडत नाही आणि दोघेही आपलेच खरे धरून बसतात.

त्यानंतर प्रत्येक नोंद वाचावी आणि तिच्यात हवी ती सर्व कलमे हव्या त्या प्रकारची आहेत का हे तपासावे. करार हा पूर्णांक असावा, ‘हवे’ ही यादी असावी, आणि एकच नाव दोन प्लगइन्सनी घेतलेले नसावे. कराराचा अंक गाभ्याच्या अंकाशी जुळला नाही तर ते प्लगइन तेथेच बाजूला ठेवावे. हा अंक केव्हा वाढवावा याविषयी माझे मत ठाम आहे: करारात नवा प्रसंग जोडला तर जुन्या प्लगइन्सना काहीच इजा होत नाही, म्हणून अंक तोच ठेवावा, मात्र असलेल्या फंक्शनला मिळणाऱ्या गोष्टी, त्यांचा क्रम किंवा अर्थ यांत तसूभरही बदल झाला तर अंक वाढवावा.

‘हवे’ या यादीत हे प्लगइन ज्यांच्यावर अवलंबून आहे त्यांची नावे येतात. ज्याच्यावर दुसरे विसंबून आहे ते आधी जोडले गेले पाहिजे. हा क्रम हाताने लावण्याची गरज नाही. पायथॉन 3.9 पासून ग्राफलिब या मॉड्यूलमध्ये त्यासाठी टोपोलॉजिकलसॉर्टर हा क्लास तयार आहे. त्याला प्रत्येक प्लगइन आणि त्याला हवी असलेली प्लगइन दिली की तो योग्य क्रम काढून देतो, आणि दोन प्लगइन एकमेकांवरच अवलंबून असतील तर सायकलएरर उठवतो.

आता प्रत्यक्ष जोडणी. इम्पोर्टलिब.युटिल या मॉड्यूलमधील ‘स्पेक_फ्रॉम_फाइल_लोकेशन’ या फंक्शनला एक नाव आणि कोडच्या फाइलचा पत्ता द्यावा. त्यातून मिळालेले स्पेक, म्हणजे मॉड्यूलचा तपशील, ‘मॉड्यूल_फ्रॉम_स्पेक’ ला दिले की रिकामे मॉड्यूल तयार होते. ते सिस.मॉड्यूल्स या कोशात त्याच नावाने ठेवावे आणि मगच स्पेकच्या लोडरवरील ‘एक्झेक_मॉड्यूल’ ला ते मॉड्यूल द्यावे. प्लगइनचा कोड खऱ्या अर्थाने चालतो तो या शेवटच्या पायरीवर. नाव देताना त्याच्यापुढे ‘प्लगइन_’ असा उपसर्ग लावणे आवश्यक आहे. प्रत्येक प्लगइनच्या कोडची फाइल ‘मुख्य’ याच नावाची असल्याने, उपसर्ग आणि प्लगइनचे नाव न जोडता नुसते ‘मुख्य’ ठेवले तर दुसरे प्लगइन पहिल्याची जागा घेते. जोडणी मध्येच फसली तर सिस.मॉड्यूल्समध्ये ठेवलेली नोंद काढून टाकावी, नाही तर अर्धवट मॉड्यूल तेथेच पडून राहते.

या साऱ्या पायऱ्या ट्राय-एक्सेप्टच्या आत असाव्यात. एक्सेप्शन हा प्रकार पकडला की प्लगइनमधील व्याकरणाच्या चुकाही पकडल्या जातात, पण प्लगइनने सिस.एक्झिट बोलावले तर उठणारा सिस्टिमएक्झिट त्यात येत नाही आणि अख्खा खेळ बंद होतो. म्हणून त्याचे नाव वेगळे घालावे. काहीही नाव न देता सर्वच चुका पकडणारे एक्सेप्ट मात्र लिहू नये, कारण त्यात कंट्रोल-सी दाबून खेळ थांबवू पाहणाऱ्याचेही म्हणणे गिळले जाते.

सर्व प्लगइन पाहून झाल्यावर लोडरने आपला अहवाल मराठीत आणि पूर्ण कारणासह द्यावा. आमच्या खेळात तो असा दिसतो:

उडती_कांकरी 1.0.0 : जोडले
माघार_बंदी 1.1.0 : जोडले
घंटा 0.3.0 : नाकारले (प्लगइनला करार 1 हवा आहे, खेळ करार 2 देतो)

‘प्लगइन लोड झाले नाही’ एवढेच सांगणारा प्रोग्राम मुलांना हताश करतो. कारण लिहिलेले असले की आठवीतला मुलगाही नोंदीची फाइल उघडून स्वतः दुरुस्ती करू पाहतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

पहिले प्लगइन: उडती

आता त्या पहिल्या तासाच्या वादाकडे वळू. उडतीचा नियम असा: ज्याची पाळी आहे त्याच्या पटावर नेमक्या तीन कांकऱ्या उरल्या असतील, तर त्याला कोणतीही कांकरी कोणत्याही रिकाम्या जागी नेता यावी. प्लगइनच्या ‘नोंदणी’ मध्ये एकच ओळ असेल, जी ‘शक्य_चाली’ या प्रसंगाला आपले ‘उडती’ हे फंक्शन जोडेल. ‘उडती’ ला स्थिती आणि आतापर्यंतची यादी मिळते. त्याने खेळाडूच्या कांकऱ्या मोजाव्यात. त्या तीन नसतील तर आलेली यादी जशीच्या तशी परत द्यावी, आणि तीन असतील तर प्रत्येक कांकरी व प्रत्येक रिकामी जागा यांची जोडी करून नवी यादी द्यावी.

वर्गात जवळजवळ प्रत्येकाने पहिल्या प्रयत्नात येथे एकच चूक केली. डावाच्या सुरुवातीला, कांकऱ्या अजून मांडल्या जात असतानाही, पटावर एका क्षणी तीनच कांकऱ्या असतात. तेव्हा उडती लागू होता कामा नये. म्हणून हातात उरलेल्या कांकऱ्या शून्य आहेत, ही अट मोजणीआधी तपासावी लागते. यादी जशीच्या तशी परत देण्याचे विसरणे ही दुसरी नेहमीची चूक. तसे झाले तर पायथॉन नन परत देते. गाभ्याने प्रत्येक गाळणीनंतर यादी मिळाली की नाही हे पाहावे आणि न मिळाल्यास त्या प्लगइनचे नाव घेऊन तक्रार नोंदवून आधीचीच यादी पुढे न्यावी.

प्लगइन खरे चालते का हे खेळून पाहण्यापेक्षा मोजून पाहावे. समजा आपल्या 3 आणि समोरच्याच्या 5 कांकऱ्या पटावर आहेत. रिकाम्या जागा 16, म्हणून चाली 48 मिळाल्या पाहिजेत. तेवढ्या मिळाल्या की पुढच्या प्लगइनकडे जावे.

ते आहे ‘माघार_बंदी’. काही घरांत अशी रीत आहे की, कांकरी ज्या जागेवरून नुकतीच निघाली त्याच जागी ती पुढच्याच पाळीला परत नेऊ नये, नाही तर एकच ओळ पुन्हा पुन्हा जुळवून समोरच्याला नामोहरम करता येते. हे प्लगइन यादीतून ती एक चाल वगळते. वरच्याच स्थितीत आपली मागची चाल 9 वरून 10 वर झाली होती आणि 9 अजून रिकामी आहे असे धरू. 10 वरून 9 वर जाणे वर्ज्य झाल्याने 47 चाली उरायला हव्यात. आता क्रम उलटा करून पाहावे: आधी ‘माघार_बंदी’ आणि नंतर ‘उडती’. पहिल्याने काढलेली चाल दुसरे नव्याने यादी करताना पुन्हा आत घेते आणि आकडा 48 येतो. दोन्ही प्लगइन स्वतंत्रपणे निर्दोष आहेत आणि एकत्र आल्यावर नियम मोडतो.

यावर बहुतेक ठिकाणी प्लगइनला प्राधान्याचा अंक देण्याचा उपाय केला जातो. मला तो पसंत नाही. कोणी 10 लिहितो, कोणी त्याच्या आधी यायचे म्हणून 5, मग तिसरा येऊन 1 लिहितो, आणि त्या अंकांचा अर्थ कोणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी करारात टप्पे असावेत. चाली वाढवणारी फंक्शने ‘भर’ या टप्प्यात, कमी करणारी ‘वजा’ या टप्प्यात, आणि गाभ्याने नेहमी सारी ‘भर’ संपल्यावरच ‘वजा’ सुरू करावी. ‘जोड’ ला प्रसंग आणि फंक्शन यांच्याबरोबर टप्पाही द्यावा. लिहिणाऱ्याला एवढेच ठरवावे लागते की आपला नियम मुभा देणारा आहे की मज्जाव करणारा. नियम सांगणाऱ्या आजीलाही या प्रश्नाचे उत्तर देता येते. बंदी लागू झाल्यावर यादीच रिकामी झाली तर खेळाडू हरला असे समजायचे की बंदी शिथिल करायची, हेही करारात लिहून ठेवावे. आम्ही बंदी शिथिल करण्याचे ठरवले.

संगणक खेळाडू आणि न थांबणारे प्लगइन

नियमांची प्लगइन छोटी असतात आणि क्षणात उत्तर देतात. स्वतः चाल शोधणाऱ्या संगणक खेळाडूचे तसे नसते. तो विचारात गुंतला किंवा चुकीने अनंत फेऱ्यांत अडकला तर ट्राय-एक्सेप्टचा काहीही उपयोग होत नाही, कारण चूक उठतच नाही; नियंत्रण परतच येत नाही. अशा प्लगइनला खेळाच्या प्रोसेसमध्ये घेऊच नये. ते वेगळी प्रोसेस म्हणून चालवावे, स्थिती त्याच्या इनपुटवर एका ओळीत पाठवावी आणि चाल त्याच्या आउटपुटवरून एका ओळीत वाचावी. बुद्धिबळातील इंजिने हेच करतात. त्यांच्यासाठी 2000 साली यूसीआय नावाचा असाच ओळींनी बोलणारा करार झाला, आणि स्टॉकफिशसारखे इंजिन त्यामुळेच वेगवेगळ्या पटांच्या प्रोग्राममध्ये वापरता येते.

येथे तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. आउटपुट पाइपमध्ये जात असेल तर पायथॉन ते लगेच न पाठवता साठवून ठेवते, म्हणून प्रत्येक ओळीनंतर फ्लश करावे, म्हणजे साठलेले लगेच पाठवायला लावावे. तसे न केल्यास खेळ उत्तराची आणि खेळाडू पुढच्या प्रश्नाची वाट पाहत दोघेही थांबून राहतात. चुका शोधण्यासाठी घातलेले प्रिंट उत्तरांमध्ये मिसळते, म्हणून तसला मजकूर स्टँडर्ड एररवर पाठवावा. तिसरे म्हणजे ओळ जेसनमध्ये बांधताना जेसन.डम्प्सचे मूळ वर्तन बदलू नये; ते देवनागरी अक्षरे साध्या आस्की चिन्हांत रूपांतरित करून पाठवते आणि एन्कोडिंगचा मघाचा प्रश्न येथे उद्भवतच नाही. वाचणाऱ्या बाजूने वेळेची मर्यादा ठेवावी, आणि ती उलटली की प्रोसेस बंद करून तो डाव माणसाच्या हाती द्यावा.

या विभागणीचा एक फायदा असा की संगणक खेळाडू कोणत्याही भाषेत लिहिता येतो. सी भाषेतच आतून जोडायचे म्हटले तर लिनक्सवर डीएलओपन आणि डीएलसिम, विंडोजवर लोडलायब्ररी आणि गेटप्रोकअ‍ॅड्रेस वापरावे लागते. ज्या बाजूने मेमरी घेतली त्याच बाजूने ती सोडावी लागते, आणि सी++ असेल तर फंक्शनची नावे कंपायलरने बदलू नयेत म्हणून एक्स्टर्न सी लिहावे लागते. ते शिकण्यासारखे आहे, पण पहिल्या खेळासाठी नाही.

विश्वासाचा प्रश्न

वेगळ्या प्रोसेसमुळे खेळ अडकत नाही, पण संगणक सुरक्षित होतो असे नाही. पायथॉनचे प्लगइन खेळणाऱ्याच्या सर्व अधिकारांनिशी चालते. ते त्याचे फोटो वाचू शकते, फायली पुसू शकते. पायथॉनच्या आतच कुंपण घालून हे रोखण्याचे प्रयत्न भरवशाचे ठरलेले नाहीत. एसएचए-256 सारखा हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, जुळला तर फाइल वाटेत बदललेली नाही एवढेच कळते. ती मुळात चांगल्या हेतूने लिहिली आहे हे त्यातून कळत नाही. आमच्या वर्गाचा नियम असा आहे की, कोड ज्याने वाचला आहे असा कोणी ओळखीचा असल्याशिवाय प्लगइन जोडायचे नाही. केवळ चित्रे, पटाचे रंग किंवा आवाज बदलायचे असतील तर कोड घेऊच नये. डेटाच्या फायली घ्याव्यात. 1993 साली आलेल्या डूम या खेळाने नकाशे, चित्रे आणि आवाज वॅड नावाच्या फायलींत इंजिनापासून वेगळे ठेवले, आणि इंजिनाला हात न लावता लोकांनी त्यावर असंख्य नकाशे रचले.

दुसऱ्याच्या हाती देताना

खेळ पायइन्स्टॉलर या साधनाने एकाच चालत्या फाइलमध्ये बांधून दिला तर दोन गोष्टी बदलतात. प्लगइनचा फोल्डर आता सिस.एक्झिक्युटेबलच्या पत्त्यावरून शोधावा लागतो, कारण कोडची मूळ जागा बहुधा तात्पुरत्या फोल्डरमध्ये गेलेली असते. शिवाय पायइन्स्टॉलर फक्त गाभ्याला लागणारी मॉड्यूल्स बरोबर घेतो. प्लगइनने स्टॅटिस्टिक्ससारखे पायथॉनचे स्वतःचे मॉड्यूल मागितले आणि गाभ्यात ते कोठेच वापरलेले नसेल, तर आपल्या संगणकावर चालणारे प्लगइन मित्राच्या संगणकावर ‘मॉड्यूल सापडले नाही’ म्हणून नाकारले जाते. प्लगइन लिहिणाऱ्यांना कोणती मॉड्यूल्स मिळतील याची यादी करारातच द्यावी आणि बांधणी करताना ती छुप्या आयाती म्हणून स्पष्टपणे नमूद करावी.

चालू खेळात प्लगइन बदलण्याची सोय पहिल्या आवृत्तीत ठेवू नये. इम्पोर्टलिबमधील रीलोड मॉड्यूल पुन्हा चालवते, पण आधी जोडलेली जुनी फंक्शने प्रसंगांच्या यादीत तशीच राहतात आणि एकच घंटा दोनदा वाजू लागते. खेळ बंद करून पुन्हा सुरू करणे हाच भरवशाचा मार्ग आहे.

शेवटची तपासणी कागदाची करावी. ज्याने गाभ्याचा कोड पाहिलेला नाही अशा कोणाला तरी फक्त कराराचा कागद द्यावा आणि ओळीत बसलेली कांकरी उचलू न देणारे प्लगइन लिहायला सांगावे. सर्वच कांकऱ्या ओळीत असतील तर काय करायचे, असा प्रश्न त्याने विचारला आणि त्याचे उत्तर कागदावर सापडले नाही, तर ते कलम तेथेच बसून लिहून काढावे. गारगोटीच्या आजोळचा नियम सांगणाऱ्या मुलीने हा प्रश्न मला विचारला तेव्हा आमच्या कागदावर ते कलम नव्हते. तिने ते स्वतःच्या अक्षरात लिहिले: अशा वेळी कोणतीही कांकरी उचलता येईल. तिचे प्लगइन नोंदीसह 31 ओळींचे झाले आणि फोल्डरमध्ये टाकताच पहिल्या फेरीत जोडले गेले.